अकरा सेंटिमीटर

सालोयोकी, ३ जून १९९८

मेर्या,

हेलसिंकीच्या हॉस्पिटलचा पत्ता किम्मोच्या आईने दिला. सहज नाही दिला. फुटबॉल क्लबातर्फे सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड पाठवायचंय अशी थाप मी मारली, तेव्हा कुठे तिने बेकरीच्या पिशवीचा तुकडा फाडून त्यावर लिहिला. कार्ड वगैरे काही नाही. हे माझं पत्र आहे आणि ते तुला आहे. फोनवर माझा आवाज ऐकलास की ठेवतेस, म्हणून कागद काढला. कागदही ठेवून देता येतो, पण आधी उघडावा लागतो.

किम्मोचा गुडघा कसा आहे? विचारायला हवं म्हणून विचारतो. गावात सध्या तीन-चार प्रकारचे गुडघे फिरताहेत. आइस हॉलमध्ये बर्फ घासायचं यंत्र चालवणारा म्हणतो, आतलं सगळं तुटलंय, संपलं. मैदानावरची टपरीवाली हिल्कामावशी म्हणते, नाताळपर्यंत पोरगा पळेल, त्याची हाडं आईच्या वळणाची आहेत. खाटीक रेइनो काहीच म्हणत नाही. त्याला अजून त्या दिवसाची लाज वाटतेय.

तू स्ट्रेचरच्या बाजूने पळत होतीस, त्यामुळे तुला नीट दिसलं नसेल. मला दिसलं. दहा मे, मातृदिन, दारावर प्रत्येक आईला एक गुलाब देत होते. किम्मोच्या आईचा गुलाब तुझ्या हातात होता. किम्मोने बाराव्या मिनिटाला गोल मारला होता आणि चौतिसाव्या मिनिटाला तो आइस हॉलकडच्या गोलसमोर पडला. मधली बावीस मिनिटं तो हॉलंडमध्येच होता म्हण. लांब कोट घातलेला तो डच माणूस फक्त त्याच्यासाठी आलाय हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मग उजवीकडून लांब चेंडू आला, किम्मो वळला, आणि त्याच्या डाव्या पायाखालचं गवत सालीसारखं सुटून सरकलं. पाय एकीकडे गेला, अंग दुसरीकडे. आवाज आला. ओल्या फांदीचा येतो तसा. डच माणसाने पेनाला टोपण लावलं. मध्यंतराच्या आत त्याची खुर्ची रिकामी होती.

आणि रेइनो धावत आला. सामन्यातल्या उत्तम खेळाडूला त्याच्या दुकानातर्फे सॉसेजचं अख्खं कडं मिळतं, ते हातात घेऊन. नंतर मी त्याला विचारलं, 'अरे, अर्ध्यात कशाला दिलंस?' तर म्हणतो, 'उत्तम तोच होता. मग तो जायच्या आत नको का द्यायला?' अँब्युलन्सचं दार लागेपर्यंत किम्मोने ते कडं पोटावर दोन्ही हातांनी धरलं होतं. गाडीचं स्टिअरिंग धरतात तसं. लोक टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा वाजवल्या.

मैदानाबद्दल मला कुणी काही विचारत नाही. मीच राखतो ना ते. तू विचार. उत्तर दे.

इल्का

सालोयोकी, २० जून १९९८

मेर्या,

सतरा दिवस झाले. पत्र जायला दोन, यायला दोन. उरलेले तेरा दिवस तू काय केलंस?

काल युहान्नुस होता, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा सण. तळ्याकाठची शेकोटी पेटली, अर्धं गाव जेवणाच्या आधीच झिंगलं, रेइनो होडीतून पाण्यात पडला आणि स्वतःच बाहेर आला. तुझ्यावाचून सगळं ओकंबोकं होतं असं लिहिणार होतो, पण नव्हतं. छान झालं.

चार वर्षांपूर्वी याच सणाला, होणारा नवरा स्वप्नात दिसावा म्हणून, तू सात फुलं उशीखाली ठेवून झोपली होतीस. सकाळी मी विचारलं, 'स्वप्नात कोण आला?' तू म्हणालीस, 'तू. पण पाठमोरा.' त्या एका वाक्यावर मी औलूच्या कॉलेजात अडीच वर्षं काढली. पाठमोरा म्हणजे कुणीही असू शकतो, एवढी साधी गोष्ट पूल बांधायला शिकणाऱ्याच्या डोक्यात आली नाही.

फेब्रुवारीत तुझं कार्ड आलं. 'इथे फार कंटाळा आलाय. तू असतास तर बरं झालं असतं.' ते कार्ड अजून आहे, हवं तर पाठवतो. सोमवारी माझी काँक्रीटची परीक्षा होती. शनिवारी मी बसमध्ये बसलो. स्टँडवर तू आलीस, पण किम्मोच्या गाडीतून. त्याने माझी बॅग उचलली आणि विचारलं, 'अधेमध्येच कसा रे? सुट्टी आहे?'

'कॉलेज सोडलं.'

'का?'

तू समोरच्या काचेतून बर्फ बघत होतीस. बर्फ काय, रोजचाच.

'बरं झालं,' किम्मो म्हणाला. 'आता मला सरावाला गोलकीपर मिळाला.'

आणि मी झालो गोलकीपर. दोन महिने शाळेच्या हॉलमध्ये रोज तीनशे चेंडू त्याने माझ्या अंगावर मारले आणि तू बाकावर बसून मोजलेस. त्याचा डावा पाय मला जेवढा माहीत आहे तेवढी तूही माहीत नाहीस. नेम घेताना तो अंगठा आत वळवतो. मारायच्या आधी श्वास सोडतो. मला माहीत असायचं चेंडू कुठे येणार, तरी यायचाच. वाईट म्हणजे तो खरंच चांगला होता.

म्हणून तो मोठा व्हावा याची सगळ्यांना घाई झाली होती. सतराव्या वर्षी आपल्या क्लबात, आपल्या पल्लोत, पहिला सामना. एकोणिसाव्या वर्षी स्वीडनला बोलावलं, तर हा अकराव्या दिवशी बॅग घेऊन परत. बापाने विचारलं, 'काय झालं?' म्हणे, 'ते लोक जेवताना बोलतात.' बाप म्हणाला, 'मग ठीक केलंस.' बापाला तसंही हॉकीच खरी वाटते, फुटबॉल म्हणजे उन्हाळा घालवायची हौस. मग सैन्यातलं वर्ष, मग मोडलेला घोटा, मग गेल्या मोसमातले तेवीस गोल. वय चोवीस झालं. हॉलंडचा क्लब म्हणाला, दहा मेला एकदा डोळ्यांनी बघू, मग तीन वर्षांचा करार. दुसऱ्यांदा येणार नाही, हेही म्हणाला. तू डच भाषेचं पुस्तक आणलंस. टपरीवर बसून मोठ्याने वाचायचीस. 'माझे नाव मेर्या आहे. मला एक किलो टोमॅटो हवेत.' मी पलीकडे गवतावरचा बर्फ उपसत होतो.

हो, एक सांगायचं राहिलं. एप्रिलमध्ये बाबांची पाठ धरली. तीस वर्षं त्यांनी राखलेलं मैदान या वसंतात माझ्या हातात होतं. जमीन मोजायची सळईसुद्धा.

इल्का

सालोयोकी, १४ ऑगस्ट १९९८

मेर्या,

दुसरं ऑपरेशन झालं असं हिल्कामावशीकडून कळलं. म्हणजे तू किम्मोच्या आईला लिहितेस, तिला बेकरीतल्या बाईला सांगण्याइतकं लिहितेस, आणि मला चिठ्ठी नाही. मग आता नीट वाच. उभी असशील तर बस.

श्रमदान पंचवीस एप्रिलला झालं, तू होतीस. अख्खं गाव फावडी घेऊन आलं, आणि प्रत्येक घराने हिवाळाभरच्या सॉनाच्या चुलीची राख बादल्यांतून आणली. बर्फावर काळी राख पसरली की ऊन तिला धरून बर्फ खातं. कुणाच्या बादलीत किती राख यावरून कोण किती वेळा अंघोळ करतं याची चेष्टा चालली होती. किम्मोची बादली ओसंडत होती. रेइनो म्हणाला, 'हा खेळाडू की भाजलेलं मांस?' तू हसलीस. वाटाण्याचं सूप झालं, मोहरी संपली म्हणून भांडण झालं, सगळे घरी गेले. राहिलो मी.

बर्फ वरून गेला तरी खाली जमीन गोठलेलीच असते. ती वरून हळूहळू सुटत जाते. किती सुटली हे सळई सांगते. वर आडवी मूठ, अंगावर सेंटिमीटरच्या खुणा. जमिनीत दाबत जायची, टक्क अडली की त्याखाली अजून गोठण आहे. पंचवीसच्या वर सळई गेली तर खेळा, नाहीतर नाही. हा बाबांचा नियम. पंचवीसच्या आत गवत म्हणजे बर्फाच्या फरशीवर पसरलेलं ओलं कांबळं.

दहा मेच्या सकाळी सगळीकडे चाळीस लागले. आइस हॉलकडच्या गोलसमोर अकरा. तिथे हॉलची सावली मेपर्यंत पडलेली असते, आणि घासलेला बर्फ हॉलवाले भिंतीमागेच टाकतात, त्याचं पाणी तिथेच मुरतं. मी सळई पाच ठिकाणी घातली. अकरा, अकरा, बारा, दहा, अकरा.

बारा वाजता पंच आला, लिंडरूस. त्याला तू ओळखतेस, शाळेत गणित शिकवायचा तोच. वीस वर्षं तो आपल्या मैदानावर पंच आहे. वीस वर्षांत त्याने स्वतः वाकून सळई घातलेली नाही. मैदान राखणारा सांगतो ते तो लिहितो. कारण आपल्याकडे माणूस सांगतो म्हणजे तसं असतं.

'इल्का, वरचा गोल?'

'चाळीस.'

'मधे?'

'बेचाळीस.'

'हॉलकडचा?'

'चाळीस.'

त्याने लिहिलं, वही मिटली, विचारलं, 'बाबांची पाठ कशी आहे?' मी म्हटलं, 'बरी.' झालं. एवढंच लागतं.

मला फक्त तो त्या डच माणसासमोर एकदा घसरून पडायला हवा होता. ढुंगणावर. लोक हसायला हवे होते. तुझं डच भाषेचं पुस्तक टपरीवर पडून राहायला हवं होतं. गुडघ्याचं माझ्या मनात नव्हतं.

आता हे पत्र किम्मोला दाखव. फेडरेशनला दाखव, पोलिसांना दाखव. वर्तमानपत्रात छापून आण. मला शिव्या दे, ओळीवर ओळ शिव्या दे. पण लिही.

इल्का

सालोयोकी, ११ ऑक्टोबर १९९८

मेर्या,

पोलीस आले नाहीत. तूही नाहीस. पल्लो खालच्या लीगमध्ये गेली. मागच्या आठवड्यात शेवटचा सामना झाला, पाच-शून्य. नवा स्ट्रायकर विटांच्या कारखान्यात कामाला आहे आणि खेळतोही विटेसारखा. उत्तम खेळाडूचं सॉसेज पाहुण्यांच्या गोलकीपरला द्यावं लागलं, आणि त्याला पूर्ण वेळात चेंडू दोनदा लागला होता.

तू ऐकत नाहीस म्हटल्यावर मी इथे सांगायचं ठरवलं. सामन्यानंतर टपरीपाशी पंधराएक माणसं होती. मी कॉफी घेतली आणि सांगून टाकलं. 'हॉलकडे अकरा होते. मी चाळीस सांगितले. किम्मोला मी पाडलं.'

मग रेइनो म्हणाला, 'तू?'

'मी.'

'अरे, तुझ्याच्याने कॉलेज पुरं झालं नाही. तू किम्मोला पुरा करणार?'

सगळे हसले. हिल्कामावशी हसली नाही, तिने माझ्या कपात अजून कॉफी ओतली, जी तिने कधी कुणाला फुकट दिलेली नाही. म्हणाली, 'बाळा, पोरगी गेली की माणसाला असं काहीबाही व्हावंसं वाटतं. घरी जा. काहीतरी खा.'

घरी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कोट न घालता शेडमध्ये गेले, सळई आणली, पुसली, स्वतःच्या पलंगामागे उभी केली. मग शनिवारचा सॉना तापवला आणि एकटे जाऊन आले. मला हाक मारली नाही. जन्मापासून दर शनिवारी मी त्यांच्या बाजूला त्या फळीवर बसलोय. त्या दिवशी मी सैपाकघरात बसून नळाच्या थंड पाण्याने हात धुतले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. म्हणाले, 'गरम पाणी उरलंय,' आणि झोपायला गेले. त्यानंतर आमच्यात बोलणं नाही. मीठ मागण्यापुरतं आहे.

म्हणजे गावाला खोटं वाटलं आणि बाबांना खरं वाटलं. यात काय जास्त वाईट ते तू ठरव.

आणखी एक. मागच्या पत्रात लिहिलं की गुडघ्याचं माझ्या मनात नव्हतं. होतं. घसरण्याचं ठरवताना डावा पाय डोळ्यांसमोर होता. रोज तीनशे चेंडू खाल्लेत त्या पायाचे, कसा वळतो ते माहीत होतं. सरळ पडणार नाही, वळताना पडेल, हे पूल बांधायला शिकणाऱ्याला न कळण्याइतकं अवघड नाही. भार कुठे येतो आणि काय कुठे तुटतं, तेवढंच तर शिकलो होतो.

आता सगळं लिहिलं. आता माझ्यापाशी काही उरलं नाही.

इल्का

सालोयोकी, २९ नोव्हेंबर १९९८

मेर्या,

आलं तुझं पत्र. दीड पान. सहा महिन्यांत दीड पान. इतक्या वेळा वाचलंय की न बघता लिहू शकतो. तुला वाटेल मी चुकीचं वाचलं, म्हणून तुझंच तुला परत लिहितो.

तू लिहितेस, दहा मेच्या सकाळी सहा वाजता तुम्ही दोघं मैदानावर आला होतात. मी यायच्या आधी. किम्मोने शेडमधून सळई काढली, हॉलकडच्या गोलसमोर घातली. अकरा. त्याला नियम माहीत होता, बाबांनीच लहानपणी शिकवला होता. तू म्हणालीस, 'इल्का आल्यावर सांगेल, सामना पुढे ढकलतील.' तो म्हणाला, 'पुढे गेला तर डच माणूस उद्याच्या विमानाने परत, आणि मी विटांच्या कारखान्यात.' सळई पुसून त्याने जागेवर ठेवली.

मग दुपारी, बूट बांधता बांधता, दारातून त्याने मला लिंडरूसशी बोलताना ऐकलं. आणि तुझ्याकडे धावत आला. तुझेच शब्द लिहितो. 'मेर्या, इल्का माझ्यासाठी खोटं बोलला. मी त्याची पोरगी घेतली आणि तो माझ्यासाठी खोटं बोलला.' डोळ्यांत पाणी होतं म्हणतेस. तुला वचन दिलं की त्या कोपऱ्यात जाणार नाही. पण चेंडू तिथे आला, आणि चेंडू येतो तिथे तो जातो, त्याला दुसरं काही येत नाही.

डॉक्टर म्हणाले, चालेल, खेळणार नाही. आणि तू लिहितेस, 'तुझी पत्रं मी जाळली. त्याने एकही पाहिलेलं नाही. त्या दिवसातली एकच चांगली गोष्ट त्याच्याकडे उरली आहे, की एका मित्राने त्याच्यासाठी आपला शब्द मोडला. ती तू काढून घेणार नाहीस. तू तो मित्र होशील. जन्मभर. मला काहीतरी द्यायचं होतं ना तुला? हे दे. वसंतात आम्ही गावी येतोय. जूनमध्ये लग्न आहे. चर्चमध्ये त्याच्या बाजूला तू उभं राहावंस असं त्याने ठरवलं आहे.'

वा.

मी तुझ्याकडे शिव्या मागितल्या होत्या, मेर्या. सहा महिने मी तुमच्या आयुष्याची वाट लावणारा माणूस होतो. वाईट होतो, पण कुणीतरी होतो. आता कळतंय की मी अकरा म्हटलं असतं तर त्याने मला मिठी मारून गयावया केली असती, आणि मी चाळीस म्हटलं तर तो स्वतःच्या पायाने तिथे गेला. माझ्या हातून काहीच झालं नाही. फक्त लिंडरूसने मला विचारलं आणि मी त्याला फसवलं.

पण तुझं ऐकणार नाही मी. तो आला की सांगणार. तोंडावर सांगणार, 'तुझ्यासाठी नव्हे, तुझ्या गुडघ्यासाठी.' मग काय करायचं ते कर.

इल्का

सालोयोकी, ३ मे १९९९

मेर्या,

आता तू चार रस्ते पलीकडे राहतेस, आणि तरी लिहितोय. बोलायला गेलो तर तो असतो.

तुला वाटलं असेल मी भ्यालो. तसं नाही. चोवीस एप्रिलच्या श्रमदानानंतर तो आमच्याकडे सॉनाला आला, ते तुला माहीत आहे. त्याला आत घेताना बाबांनी मला सहा महिन्यांत पहिल्यांदा हाक मारली. 'इल्का, किम्मोला पायरीवर धर.' मी धरलं. तिघं फळीवर बसलो. त्याच्या गुडघ्यावरचा व्रण गरम झाल्यावर जांभळा होतो, तू पाहिला असशील. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. सॉनात खोटं बोलत नाहीत, म्हटलं इथेच उरकू. बाबा माझ्याकडे बघत होते, त्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, 'किम्मो, त्या सळईचं.'

'मला माहीत आहे,' तो म्हणाला. 'मेर्याने सांगितलं तुला, होय ना? मी सकाळी मोजलं होतं ते?' त्याने दगडांवर पाणी टाकलं. वाफ आमच्या तिघांच्या अंगावर आली. मग म्हणाला, 'स्वीडनहून परत आलो तेव्हा सगळे म्हणाले, बरं केलंस. तू एकटा म्हणाला होतास, गाढवा, परत जा. आठवतं? गोल मारल्यावर बावीस मिनिटं मी हॉलंडमध्ये होतो, इल्का. खरंच होतो. ती तू दिलीस. दुसऱ्या कुणी दिली नसती.'

मला ते आठवत नव्हतं. अजून आठवत नाही. बाबा उठले आणि बाहेर गेले. मी म्हटलं, 'अजून पाणी टाकू?' तो म्हणाला, 'टाक.'

त्या दिवशीच मी तुला हवं ते दिलं. पोचपावती नको.

कालचं मात्र लिहायला हवं, कारण तू तिथे होतीस आणि तुला काय दिसलं ते मला माहीत नाही. या वर्षी ऊन उशिरा आलं. दुपारी लिंडरूस वही घेऊन आला. कुंपणापाशी सगळे होते, रेइनो, हिल्कामावशी, विटांच्या कारखान्यातला तो. सळई बाबांनी सकाळीच माझ्या हातात दिली होती, न बोलता. किम्मो माझ्या शेजारी काठी टेकून उभा होता, क्लबाने त्याला माझ्या हाताखाली काम दिलंय ना.

'इल्का, वरचा गोल?'

'अडतीस.'

'मधे?'

'एकेचाळीस.'

'हॉलकडचा?'

मी म्हटलं, 'चौदा.'

कुंपणावरून कण्हल्यासारखा आवाज आला. सॉसेज भाजायला ठेवली होती, तिकिटं गेली होती. विटावाला म्हणाला, 'चौदा तर चौदा, पळू की आम्ही.' आणि किम्मोने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'कशाला त्याला सांगताय. माझा सामना असता तर चाळीस म्हणाला असता.'

सगळे हसले. किती दिवसांनी गाव त्याच्याबरोबर हसत होतं. हिल्कामावशी एप्रनने डोळे पुसत होती. रेइनो मला म्हणाला, 'बघ, तुझ्यावर विश्वास ठेवणारा निघाला एक.' मीही हसलो. मला जमलं. तू कुंपणाच्या आत होतीस, आणि माझ्याकडे बघून मान हलवलीस, शाबास म्हटल्यासारखी. इतक्या पत्रांत तुझ्याकडून मागत होतो ते हे नव्हतं. पण मिळालं ते हेच.

लिंडरूस हसला नाही. तो उभाच होता. मग त्याने वहीची पानं मागे उलटली, मागच्या मोसमापर्यंत गेला, एका पानावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. हसणं थांबलं तेव्हाही बोट तिथेच होतं. मी जुन्या विद्यार्थ्यासारखा सरळ उभा राहिलो. गणितात मी त्याचा चांगला विद्यार्थी होतो.

त्याने वही काखेत धरली. माझ्या हातातून सळई घेतली. हॉलकडच्या गोलपर्यंत चालत गेला, हळूहळू, त्याचेही गुडघे आता साठीचे आहेत, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः वाकला. पाच ठिकाणी घातली. प्रत्येक वेळी खूण बघायला चष्मा कपाळावर सरकवला.

मग तो मधे गेला. मग वरच्या गोलकडे. सगळं मैदान त्याने स्वतः मोजलं, आणि मला काहीच विचारलं नाही.

इल्का